खाली उतरणारी आग

त्यांचं नाव मी सांगणार नाही. ते मी आयुष्यात एकाच कागदासाठी पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाईने आणि सुवाच्य अक्षरात, आणि त्या एका लिहिण्याने त्यांचं वाटोळं झालं. पुन्हा लिहायची माझी छाती नाही. कारखान्यात सगळे त्यांना समोर फोरमनसाहेब म्हणत आणि पाठ वळली की काडीवाला. मीही समोर फोरमनसाहेबच म्हणायची. पाठीमागे काय म्हणायची ते लपवून आता काय मिळणार आहे?

काडीवाला म्हणायचे, कारण खिशात कायम काडेपेटी असायची आणि गृहस्थ विडी ओढत नव्हते. प्लास्टिकची कुठलीही नवी वस्तू दिसली की तिचा कोपरा मोडायचा, चिमट्यात धरायचा आणि पेटवायचा. खाली पितळेची ताटली, ताटलीत पाणी. आधी ज्योतीचा रंग बघायचे, मग डोळे मिटून वास घ्यायचे, आणि मग सुरू व्हायची मोजणी. वितळलेल्या प्लास्टिकचा जळता थेंब ताटलीत पडला की चर्र व्हायचं. एक. पुन्हा चर्र. दोन. तेवढा वेळ त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. मध्ये कोणी बोललं आणि आकडा चुकला तर दुसरा तुकडा मोडून पहिल्यापासून सुरुवात.

त्यांच्या हिशेबी जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या, रडणाऱ्या आणि न रडणाऱ्या. विजेच्या बटणाचं काळं बेकलाइट न रडणारं. ते काळवंडतं, तडकतं, पण जागचं हलत नाही. आमच्या कारखान्याचा कंगवा रडणारा, साबणाची डबी रडणारी. मालकांच्या चष्म्याची नवी फ्रेमसुद्धा रडणारी निघाली. मालक टेबलावर चष्मा काढून हात धुवायला गेले, तेवढ्यात यांनी कानामागच्या टोकाचा कपचा काढून परीक्षा उरकली. मालक परत आले तेव्हा वास तसाच होता. "साहेब, तुमचा चष्मा रडका आहे, चुलीपाशी वाकू नका," असं यांनी वर त्यांनाच सांगितलं.

कारखाना म्हणजे भाताची जुनी गिरण. ठाकुर्ली स्टेशनातून कल्याणच्या अंगाला दहा-बारा मिनिटं चाललं की लागायची. गिरण बंद पडल्यावर ठाण्याच्या एका गृहस्थांनी ती घेतली आणि तिथे हाताने दाबायची यंत्रं बसवली. पन्नाशीचं दशक संपत आलं होतं. प्लास्टिकचं तेव्हा लोकांना केवढं कौतुक! आमच्या आळीतल्या बायका साबणाची डबी पाहुण्यांना दिसेल अशी ठेवायच्या. मी मॅट्रिक होऊन तिथे कारकून लागले, कारण वडिलांचे डोळे गेले होते आणि घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणूनच सांगते आहे, खरं तर.

मालक खादी घालायचे आणि भाषण दिल्यासारखं बोलायचे. देशी कंगव्याने देशाचे केस विंचरले गेले पाहिजेत, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. माणूस दुष्ट नव्हता. बायकांना दिवाळीला साडी द्यायचे, कोणी आजारी पडलं तर चौकशी करायचे. मला दुष्ट माणसांचा इतका राग येत नाही, जितका या असल्या चांगल्या माणसांचा येतो.

माझ्या बांगड्यांची गोष्ट सांगते, म्हणजे हा काडीवाला कसा होता ते कळेल. मी कल्याणच्या बाजारातून प्लास्टिकच्या बांगड्या आणल्या होत्या, गुलाबी, पारदर्शक. पहिल्याच दिवशी त्या घालून गेले. फोरमनसाहेब माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाई, एक द्या."

"कशाला?"

"द्या तर."

मी दिली. त्यांनी ती चिमट्यात धरली आणि माझ्यादेखत पेटवली. मी ओरडले, तर त्यांनी डाव्या हाताने मला गप्प राहायची खूण केली. अकरा थेंब पडले. "अकरा," ते म्हणाले. "आणि थेंब पडला तरी विझत नाही, बघा, पाण्याला टेकेपर्यंत जळतोय. स्वयंपाक करताना काढून ठेवत जा. त्यापेक्षा घालूच नका." मी रागाने रडले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या बायको कारखान्याच्या दारात उभ्या. गोऱ्या, ठेंगण्या, कपाळाला आठ्या. त्यांनी माझ्या हातात काचेच्या बांगड्यांचा डझन ठेवला आणि म्हणाल्या, "घे ग बाई. आमच्याकडे नवऱ्याने जाळायचं आणि मी भरून द्यायचं, असंच चालतं. माझा कुंकवाचा करंडा गेला, फणी गेली, परवा शेजारणीच्या पोराचा खुळखुळा गेला."

दुसरा एक खुळखुळा तर फार गाजला. मालकांच्या नातवाचं ठाण्याला बारसं होतं. आम्ही सगळे गेलो होतो. कारखान्याने पहिल्यांदाच काढलेले रंगीत खुळखुळे पाळण्याला बांधलेले. यांनी त्यातला एक सोडला, सरळ अंगणात नेला आणि पाहुण्यांसमोर काडी ओढली. मोजून झाल्यावर आत येऊन बाळंतिणीला म्हणाले, "सात. पाळण्याजवळ दिवा ठेवू नका." शुभकार्यात असलं बोलल्यावर काय होणार? बायकांनी तोंडं फिरवली, मालकांचा चेहरा लाल झाला. मीही तेव्हा मान खाली घालून हसले होते. आपल्या कारखान्यातला वेडा माणूस पाहुण्यांत शोभा करतोय, याची लाज वाटली म्हणून हसले.

हे सगळं ते कुठे शिकले, कोणाला माहीत नव्हतं. लढाईच्या दिवसांत ते कल्याणच्या लष्करी कँपात एका गोदामावर होते, एवढंच कानावर होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिथे गोदाम पेटलं आणि आम्ही सगळे वर बघत राहिलो."

पण एक गोष्ट ते येईल जाईल त्याला सांगायचे, आणि तीच कोणी ऐकली नाही. "आग वर चढते हे चुलीवरून ठरवलंय लोकांनी. लाकूड जागच्या जागी जळतं. हे तसलं नाही. हे वितळतं, आणि वितळलं की आग घेऊन खाली येतं. वर पेटलेला तुकडा गळून पडला की वरची ज्योत विझते. लोक म्हणतात, सुटलो. अहो, विझली नाही ती, खाली उतरली! खाली काय आहे ते बघा!" हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा आणि तोंडातून थुंकी उडायची. ऐकणारा रुमालाने गाल पुसायचा आणि तेवढंच लक्षात ठेवायचा.

आता त्या गिरणीच्या शेडची रचना सांगते. मागच्या बाजूला यंत्रं. पुढे मोठ्या दरवाजाजवळ पॅकिंग. तिथे चौदा बायका बसायच्या, बहुतेक मानपाड्याकडच्या आणि ठाकुर्लीच्या आसपासच्या गावांतल्या. कंगवे आणि डब्या लाकडी खोक्यांत भाताच्या पेंढ्यात बसवायच्या, हे त्यांचं काम. डोक्यावर गिरणीचा जुना लाकडी माळा. त्याच्या फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षांचं तूस भुरभुरत खाली पडायचं, तयार मालावर बसायचं, आणि मुंबईचे व्यापारी कुरकुर करायचे. त्यावर मालकांनी तोड काढली. नव्यानेच मिळायला लागलेला प्लास्टिकचा पातळ कागद त्यांनी माळ्याच्या खालच्या अंगाला पट्ट्या ठोकून ताणून बसवला. पांढरं, चकचकीत छत झालं. तूस बंद. बायका खूश, मीही खूश, कारण माझं टेबल त्या छताच्या एका टोकाखाली होतं आणि माझ्या कागदांवर घाण पडेनाशी झाली.

फोरमनसाहेबांनी एका कोपऱ्याचा तुकडा कापला, पेटवला, आणि ताटली तशीच हातात घेऊन मालकांकडे गेले. मी तिथेच होते.

"साहेब, हे मोजताच येत नाही."

"काय मोजता येत नाही?"

"थेंब. धार लागते. हे छत काढा. खाली पेंढा आहे, पेंढ्यात बायका आहेत."

मालक शांतपणे म्हणाले, "फोरमन, उद्या आग लागली, देव न करो, तर ती वर जाईल. वर माळा आहे, माळ्यावर भंगार आहे. जळलं तर भंगार जळेल. माणसं म्हणूनच मी खाली बसवली आहेत." विमा कंपनीचा माणूस येऊन गेला, त्याचंही तेच म्हणणं पडलं. वाळूच्या बादल्या भिंतीला उंच टांगल्या आहेत हे बघून तो फार समाधानी झाला. माणसं खाली, भंगार वर, उत्तम व्यवस्था. सगळे शहाणे एका बाजूला आणि काडीवाला एका बाजूला. मी कुठल्या बाजूला होते ते सांगायची गरज नाही. मला तूस नको होतं.

छत निघत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरंच सुरू केलं. गिरणीच्या बाजूच्या भिंतीत एक ठेंगणं दार होतं. पूर्वी त्यातून तूस बाहेर ओतायचे. ते खोक्यांनी बुजलं होतं. यांनी स्वतः खोकी हलवली, बिजागरीला तेल घातलं आणि रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीला लोखंडी पट्टीवर टोला मारून "उठा!" म्हणून ओरडायला लागले. उठायचं, हातातलं टाकायचं, आणि मोठ्या दरवाजाने नाही, तुसाच्या दाराने बाहेर पडायचं. रोज. कोणी सवयीने मोठ्या दरवाजाकडे वळली की हे आडवे. "आग लागली की माणूस रोजच्या दाराकडे धावतो," ते म्हणायचे. "म्हणून रोजचं दार बदलायचं."

बायका वैतागल्या. त्यांच्यात सगळ्यात वडील येसूबाई. काळी, उंच, हसली की सगळं शेड हसायचं. ती म्हणायची, "पुढच्या दारानं येताव नि मागच्या दारानं पलताव, चोरावानी! गिरनीची घान टाकाचा दार हाय तो, तेच्यातना आमी मानसा जायाची?" मालकांनाही ते आवडत नव्हतं. पण जेवणाची सुट्टी फोरमनच्या अखत्यारीत होती आणि फोरमनशिवाय साचे कोणाला जमत नव्हते, म्हणून त्यांनी चालवून घेतलं. सात-आठ महिने रोज तो टोला, रोज तो "उठा!", आणि रोज वाकून तुसाच्या दारातून निघणाऱ्या शिव्या देणाऱ्या चौदा बायका.

मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी यंत्रांची पूजा. पण त्या वर्षी मालकांच्या डोक्यात नवीन माल होता, प्लास्टिकचं तोरण. हिरवी आंब्याची पानं, मध्ये पिवळी झेंडूची फुलं. साचा फोरमनसाहेबांनीच केला होता, आणि पानाच्या शिरा इतक्या हुबेहूब की हात लावून बघावंसं वाटे. त्यांनी पहिलं पान साच्यातून काढलं, निरखलं, आणि अर्थातच पेटवलं. चौदा थेंब. "दारावर लावा," ते मालकांना म्हणाले. "दिव्यावर लावू नका."

मालकांनी ते दिव्यावर लावलं. मोठ्या दरवाजाशेजारी फळीवर देवीची तसबीर होती, तिच्या वर पहिलं तोरण, तिच्या पुढे समई. पेंढ्याच्या राशीवर चादर टाकून बैठक केलेली, कारण दिवाळीचा माल निघायचा होता आणि पेंढा हलवायला वेळ नव्हता. सकाळचे दहा-साडेदहा. सगळ्या बायका नव्या साड्या नेसून. मालकांनी समई लावायला खिसे चाचपले. काडेपेटी नव्हती. साहजिकच सगळ्यांनी एकाच माणसाकडे बघितलं. फोरमनसाहेब मागे यंत्रापाशी हळदकुंकू वाहत होते. मालक हसून म्हणाले, "द्या हो, आज तरी चांगल्या कामाला येऊ दे तुमची काडी."

यांनी येऊन काडेपेटी दिली. देताना वर तोरणाकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, ते आधी काढा."

"आजच्या दिवशी तोंड आवरा, फोरमन," मालक म्हणाले. तेवढं एकच वाक्य त्यांनी भाषणासारखं उच्चारलं नाही.

आरती झाली, प्रसाद वाटला. समईची वात कोणीतरी पुढे सारली असावी. मी पेढा खात होते. तोरणाचं एक पान खालून लालसर झालं, मऊ होऊन लोंबलं, पेटलं आणि गळून पडलं. वरची ज्योत विझली. अगदी ते सांगायचे तशी. सगळ्यांनी वर बघितलं. येसूबाईने हात जोडले. कोणीतरी म्हणालं, देवीने सांभाळलं. मालक मोठ्याने म्हणाले, "विझलं, विझलं! घाबरू नका." आणि आम्ही सगळे, मी धरून, वर बघत राहिलो.

खाली बघणारा एकच माणूस होता आणि तो शेडच्या दुसऱ्या टोकाला, पुन्हा यंत्रापाशी होता.

चादरीखालचा पेंढा पेटायला किती वेळ लागतो? मी मोजला नाही. ज्वाळा दिसली तोवर ती माणसाच्या उंचीची झाली होती, आणि तिची नुसती धग लागून वरचं पांढरं छत आक्रसलं. त्याला भोकं पडली, भोकांच्या कडा पेटल्या आणि कडांतून आग गळायला लागली. थेंब नाही, धारा. मोठ्या दरवाजासमोर आगीचा पडदा. जिथे धार पडेल तिथे पेंढा पेटे, तो पेटला की त्याच्या वरचं छत वितळे, ते आणखी पुढे जाऊन गळे. आग आमच्या डोक्यावरून चालत येत होती आणि पाय मात्र खाली टाकत होती. उंचावरच्या वाळूच्या बादल्यांपर्यंत कोणाचा हात पोचला नाही.

बायका मोठ्या दरवाजाकडे वळल्या. मीही वळले. तेवढ्यात लोखंडी पट्टीवर टोला पडला आणि आवाज आला, "उठा!"

बसलेली कोणीच नव्हती, तरी तोच शब्द. आणि चौदाच्या चौदा बायका फिरल्या. विचार करून नाही. सात-आठ महिन्यांची सवय पायांना लागली होती, पाय फिरले. वाकून, एकीमागे एक, तुसाच्या दारातून बाहेर. मीही त्यांच्यातच शिरले. मालक माझ्यामागे. त्या दिवशी ते घाणीच्या दारातून निघाले आणि त्यांना कमीपणा वाटला नाही.

दारातून मी मागे वळून पाहिलं. पेटलेलं छत तुसाच्या दाराकडे सरकत होतं. फोरमनसाहेब त्याच्याखाली उभे होते. त्यांनी उडी मारून छताची शिल्लक कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. पट्ट्या निखळल्या, तेवढा भाग आगीपासून तुटून खाली आला, त्यांच्या हातांवर. आग तिथे थांबली, तोवर शेवटची बाई बाहेर पडली.

येसूबाईच्या दंडावर थेंब पडले होते. ती ते दुसऱ्या हाताने पुसायला गेली, तर थेंबांबरोबर कातडी निघाली. "पुसू नका!" ते ओरडत बाहेर आले. "पाणी ओता, पुसू नका!" स्वतःचे हात समोर धरलेले, आणि त्या हातांवर पांढरं प्लास्टिक थिजत होतं. आजही मला मेणबत्तीवरून ओघळलेलं मेण बघवत नाही.

माणूस एकही गेलं नाही. शेड गेलं.

तिसऱ्या दिवशी मालकांनी मला ठाण्याला घरी बोलावलं. विमा कंपनीला हकिकत लिहून द्यायची होती. मालक थकलेले दिसत होते. म्हणाले, "खरं तेच लिहायचं, बाई. खोटं एक अक्षर नको." आणि त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. फोरमन अमुक अमुक यांना कारखान्यात काड्या ओढून माल जाळून बघण्याची सवय होती. याबद्दल त्यांना अनेकदा समज दिली होती. घटनेच्या दिवशी त्यांच्याच काडेपेटीतल्या काडीने आग लागली.

यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर लिहिता आलं.

मी एवढं म्हटलं, "समई..."

मालक म्हणाले, "देवीच्या दिव्याने कारखाना जळला असं लिहायचं? बायका पुन्हा पाऊल टाकतील तिथे?" आणि त्यांचं बरोबर होतं. मी बायकांकडे कागद घेऊन गेले तेव्हा त्यांनी भराभर अंगठे उठवले. येसूबाईच्या हाताला पट्टी होती, तिने दुसऱ्या हाताचा अंगठा उठवला. मी तिला विचारलं, "येसूबाई, तू होतीस ना तिथे? बघितलंस ना?"

"बघला ना," ती म्हणाली. "पन देवीच्या नावावर कसा घालाचा, बाय? मानूस हाय तो, सोसंल. देवी कोपली त कोन सोसाचा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने तुला बाहेर काढलं, त्याच्यावर अंगठा? पण ती अंगठेबहाद्दर होती आणि देवीला भीत होती. मी मॅट्रिक होते आणि नोकरीला भीत होते. कोणी कोणाला बोलायचं?

कागदावर फोरमनसाहेबांचीही सही हवी होती. कल्याणच्या दवाखान्यात ते खाटेवर होते, दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. बायको उशाशी. मी हकिकत वाचून दाखवली. मला वाटलं आता ते ओरडतील, थुंकी उडवतील. मला ते हवं होतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी तो कागद फाडला असता, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले आहे.

ते शांत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "काडी माझीच होती. बरोबर आहे."

"अहो, पण तोरण..." त्यांच्या बायको म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतं ना!"

"थांब ग." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, नाव माझं राहू दे. पण एक वाक्य घाला. आग खाली उतरली. छत वितळलं आणि आग त्यातून खाली उतरली. एवढं लिहा. हा कागद पुढे जाईल, कोणीतरी वाचेल, पुढच्या शेडला तसलं छत लावणार नाही. लिहाल ना?"

मी हो म्हटलं. त्यांच्यासमोर समासात लिहिलंही, आणि वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हां. आता घ्या माझा अंगठा." पण अंगठा लावायला बोटच मोकळं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पट्टी सुटली तरी त्या बोटांना ठसा राहणार नाही. तेव्हा खाली मीच लिहिलं, मजकूर वाचून दाखवला, मान्य केला. साक्षीदार म्हणून माझी सही.

मालकांनी कागद वाचला, समासातल्या त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे कशाला? छत कोणी लावलं, कशाला लावलं, मग प्रश्न निघतात. स्वच्छ प्रत काढा." मी स्वच्छ प्रत काढली. त्यांचं पूर्ण नाव पुन्हा घोटून लिहिलं. ते वाक्य सोडून दिलं. आणि खाली मात्र तेच ठेवलं, वाचून दाखवला, मान्य केला. खोटं एक अक्षर नको म्हणाले होते ना? ते एक मी माझ्या हाताने घातलं.

त्यांना काढून टाकलं. दुसऱ्या कारखान्याने घेतलं नाही, कारण चौकशीचं पत्र आलं की मालकांचं उत्तर मीच टाइप करायची. ते कोकणात गावी गेले. गावी जाण्याआधी त्यांच्या बायको मला एकदा भेटल्या, आंबिवलीला भावाकडे निघाल्या होत्या. म्हणाल्या, "आता घरात काही जळत नाही ग. त्यांना काडी धरता येत नाही. मी चूल पेटवते आणि ते लांबून बघत बसतात." मग हसल्या आणि म्हणाल्या, "तू वाक्य घातलंस, म्हणून त्यांना फार बरं वाटलं. सगळ्यांना सांगतात, बाईंनी लिहिलंय."

माझ्या हातात त्यांनीच दिलेल्या काचेच्या बांगड्या होत्या.

वर्षभरात त्याच जागी नवीन शेड उभं राहिलं. पक्क्या भिंती, एक मोठा दरवाजा. बाजूच्या भिंतीत ठेंगणं दार ठेवलंच नाही, कारण ते वास्तूला शोभलं नसतं. देवीची नवी तसबीर पहिल्याच जागी. आणि पॅकिंगच्या डोक्यावर, तूस पडायला आता गिरण राहिली नव्हती तरी, चांगलं दिसतं म्हणून, पांढरं चकचकीत छत. मी त्याखाली आणखी पाच वर्षं काम केलं. रोज वर बघायची आणि मग खाली. येसूबाई काळ्या पडलेल्या दंडाने पेंढ्यात डब्या बसवत असायची, तिच्याभोवती नव्या पोरी, ज्यांना "उठा" कोणी शिकवलं नव्हतं.

लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी कशाला उगाळतेस? मालक गेले, येसूबाई गेली, फोरमनसाहेबही गेले असतील. पण परवा आमच्या इमारतीत गणपतीला प्लास्टिकची फुलं आणि थर्माकोलचं मखर, आणि त्याच्या आत निरांजन. मी ओरडले तर सेक्रेटरी म्हणाले, "आजी, काही होत नाही, आग वर जाते, वर स्लॅब आहे." मी काडेपेटीसाठी खिसा चाचपला. बाईच्या पोलक्याला खिसा नसतो, तरी चाचपला.

ज्यांना ते वाक्य मिळायला हवं होतं त्यांना ते मिळालं नाही. ज्याने मागितलं तो ते लिहिलेलं आहे असं समजून राहिला. माझं अक्षर आता कापतं, सुवाच्य राहिलेलं नाही, आणि हा कागद कुठल्याही कंपनीकडे जायचा नाही. तरी लिहिते.

छत वितळलं आणि आग त्यातून खाली उतरली.